व्हिडिओ कॅमेरे असताना लोक फोटोच्या कॅमेऱ्यावर शूटिंग का करायला लागले?

हे कुणी ठरवून केलेलं नाही. २००८ पर्यंत डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या आणि आत आरसा असलेल्या फोटोच्या कॅमेऱ्यांत, 'लाइव्ह व्ह्यू' रुळला होता. आरसा वर उचलायचा आणि सेन्सरला (चित्र टिपणाऱ्या चिपला) दिसणारं चित्र मागच्या स्क्रीनवर सतत दाखवायचं. सतत दिसतंयच, तर रेकॉर्ड का करू नये? ऑगस्ट २००८ मध्ये निकॉन डी९० आला, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. ७२०पी, म्हणजे साधं एचडी, तेही एका वेळी पाचच मिनिटं. महिन्याभरात कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला आणि खरी धमाल तिथून सुरू झाली.

कॅननच्या डोळ्यासमोर होते वृत्तसंस्थांचे फोटोग्राफर; त्यांना फोटोसोबत छोट्या क्लिप हव्या होत्या. पण कॅमेरा उचलला सिनेमावाल्यांनी, आणि तो सेन्सरसाठी. आपल्या ऐपतीतल्या कॅमकॉर्डरचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे हिरोच्या नाकापासून मागच्या कॅलेंडरपर्यंत सगळंच स्पष्ट. ५डीचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे सिनेमाच्या ३५ मिमी फ्रेमपेक्षाही मोठा. साधी ५० एमएम लेन्स लावली तरी बॅकग्राउंड मस्त ब्लर. अमेरिकेत बॉडीची किंमत २,६९९ डॉलर. सिनेमाच्या कॅमेऱ्यांपुढे ही रक्कम काहीच नव्हती.

त्यापायी लोकांनी काय काय सोसलं! सुरुवातीला व्हिडिओत एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ यावं ते, कॅमेराच ठरवायचा. मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) हातात राहावं म्हणून कॅननवर अडॅप्टर लावून निकॉनच्या जुन्या, रिंगवाल्या लेन्स बसवायचे. मॅन्युअल कंट्रोल २००९ च्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये) मिळाला, सेकंदाला २४ आणि २५ फ्रेम २०१० मध्ये. हेडफोनला जागाच नव्हती. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा आणि टाळी वाजवून एडिटिंगला जुळवायचा. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचायचा, त्यामुळे कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके. बारीक चौकड्यांचा शर्ट तर नकोच, त्यावर विचित्र लहरी उमटायच्या.

तरी मे २०१० मध्ये 'हाऊस' या अमेरिकन मालिकेचा सीझनचा शेवटचा भाग ५डीवर शूट झाला. आपल्याकडे अमोल गुप्तेंचा 'स्टॅनली का डब्बा' (२०११) कॅनन ७डीवर झाला, कॅमेरामन अमोल गोळे. मुलांच्या गराड्यात एवढासा कॅमेरा घेऊन काम करणं किती सोयीचं, ते तो पाहताना कळतं.

बऱ्याच मॉडेलांवर रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या आत थांबायचं, त्यामागे युरोपातली जकात होती. सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणलं जाई आणि त्यावर जादा कर बसे. म्हणून २९ मिनिटं ५९ सेकंद! तुम्हाला जुना डीएसएलआर घेऊन व्याख्यानं किंवा गाण्याच्या मैफली शूट करायच्या असतील, तर आधी हे तपासा.