लष्करी सामान वाहणाऱ्या रोबोंच्या ताफ्याला साधं वायफाय का पुरत नाही?

मुंबईत पवईच्या मैदानात चाचणी घेताना तुमचे रोबो एका राउटरवर चालले, ठीक. पण तो राउटर गेला की सगळा ताफा मुका! म्हणून लष्करी ताफ्यात मेश नेटवर्क लागतं: प्रत्येक रोबो-गाडी शेजारच्या गाडीचा निरोप पुढे पाठवते.

खरी डोकेदुखी अँटेनाची. ती जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर, त्यामुळे झाडी, भिंत, उंचवटा लगेच आड येतो. कमी फ्रिक्वेन्सी अडथळ्यांमागे बरी पोचते, पण बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, तुटपुंजी. त्यात एकाच चॅनलवर निरोपाचे गाडी-ते-गाडी दोन टप्पे झाले की डेटाचा वेग निम्मा, तीन झाले की साधारण तिसरा हिस्सा. तेव्हा व्हिडिओचा हट्ट सोडा. गाडीची जागा, तिचा वेग आणि ‘थांब’ हा हुकूम एवढं पाठवलं तरी पुरे. सिग्नल जॅम झाल्यास काय करायचं, हे रोबोलाच ठाऊक हवं.

मुंबईत २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. चाचणीला विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ पट्टा बघा, फक्त पॉवरची मर्यादा पाळून.