तासाभराचा ‘लॉस्ट वर्ल्ड’ की पावणेदोन तासांचा?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: आठ वर्षांचं पोरगं डायनोसॉरवेडं झालंय, १९२५ चा ‘द लॉस्ट वर्ल्ड’ नेटवर एका ठिकाणी तासाभराचा फुकट दिसतोय आणि दुसरीकडे त्याचीच पावणेदोन तासांची महागडी ब्लू-रे आहे, तर खरा कुठला? आणि तुमच्या स्वतःसाठी, १९५३ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या जुन्या डीव्हीडीत मंगळावरच्या यानांना लटकवणाऱ्या तारा दिसतात, नव्या डिस्कमध्ये त्या पुसल्यात, ही लबाडी नाही का?

वीसेक वर्षं मी या डिस्का गोळा करतोय आणि बऱ्याच चुकीच्या घेतल्यात. त्यातून कळलं ते एवढंच, की या जुन्या सिनेमांच्या बाबतीत ‘कुठली डिस्क’ हा चित्र किती स्वच्छ असा प्रश्नच नसतो. कुठला सिनेमा, हा असतो. एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे सिनेमे विकले जातात.

‘लॉस्ट वर्ल्ड’चंच घ्या. फेब्रुवारी १९२५ मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. दहा रिळांचा मूकपट, एका पठारावर अजून जिवंत असलेल्या डायनोसॉरची कथा कॉनन डॉयलची, डायनोसॉर विलिस ओब्रायनचे. चार वर्षांत बोलपट आले, १९२९ च्या सुमारास तो बाजारातून काढून घेतला गेला आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. मग राहिलं काय? त्या काळी कोडॅक कंपनीची ‘कोडास्कोप’ नावाची लायब्ररी होती. पैसेवाल्या अमेरिकनांनी १६ मिमीची रिळं भाड्यानं न्यायची आणि दिवाणखान्यात लहान प्रोजेक्टरवर पाहायची. त्यासाठी सिनेमा कापून जवळपास निम्मा केला होता. थिएटरच्या प्रती गेल्या, ही घरगुती प्रत टिकली. म्हणजे आज आपण ज्याला होम व्हिडिओ म्हणतो त्याच्या आजोबानं हा सिनेमा वाचवला, पण अर्धाच. पुढची कित्येक दशकं जगानं तोच अर्धा पाहिला. हक्क कधीच संपलेले असल्यामुळे स्वस्तातल्या डीव्हीडींवर आणि फुकट अपलोडमध्येही बहुतेक तोच असतो. तुम्हाला दिसलेला तासाभराचा म्हणजे हा.

नंतर चेक संग्रहालयात ३५ मिमीची एक बरीच मोठी प्रत सापडली. तिच्यावर आधी जॉर्ज ईस्टमन हाउस या अमेरिकन संग्रहालयानं काम केलं, मग जुने सिनेमे जतन करणाऱ्या डेव्हिड शेपर्ड यांनी २००० साली दीड तासाची आवृत्ती तयार केली, तिची डीव्हीडी निघाली. (माझ्याकडे अजून आहे, कोणाला हवी असेल तर पोस्टाचा खर्च द्या आणि न्या.) पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सनं २०१६ मध्ये ठिकठिकाणच्या तुकड्यांतून आणखी पूर्ण आवृत्ती जुळवली आणि २०१७ मध्ये फ्लिकर अ‍ॅली या डिस्क कंपनीनं ती ब्लू-रेवर आणली. पावणेदोन तासांची ती हीच. सोबत ओब्रायनचे सुरुवातीचे छोटे मूकपट आहेत आणि ‘क्रिएशन’ या अर्धवट राहिलेल्या सिनेमाचे तुकडेही. मला विचाराल तर त्या तुकड्यांसाठीसुद्धा पैसे वसूल.

जास्तीच्या पाऊण तासात काय मिळतं? नवे डायनोसॉर फार नाहीत, आधीच सांगतो. मिळते ती वाट पाहणं. छोट्या प्रतीत माणसं पठारावर पोचतात न पोचतात तोच प्राण्यांची रांग लागते, सर्कशीसारखी. मोठीत लंडनमधली भांडणं आहेत, प्रवास आहे, आणि मग पहिला प्राणी दिसतो तेव्हा तो खरंच दिसतो.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण माझ्या लेखी हीच मोठी. ओब्रायनसाठी बाहुल्या बनवणाऱ्या मार्सेल डेलगाडोनं या प्राण्यांचे धातूचे सांगाडे करून त्यावर स्पंज आणि रबराची कातडी चढवली होती, आणि काहींच्या पोटात हवेची पिशवी ठेवली होती. दर फ्रेमला ती किंचित फुगवायची, मग किंचित सोडायची. कोडास्कोपच्या झिजलेल्या प्रतीत तिथं नुसता करडा डाग असतो. ब्लू-रेवर बरगड्या वरखाली होताना दिसतात. माझ्या भाचीला दाखवत होतो तेव्हा ती मध्येच म्हणाली, “मामा, तो दमलाय.” तिला स्टॉप मोशन (बाहुली किंचित हलवत एकेक फ्रेम टिपायची रीत) म्हणजे काय हे तोवर ठाऊकही नव्हतं.

आता एक धोक्याची सूचना. मिनिटं मोजून डिस्क घेऊ नका. मूकपटांचा वेग ठरलेला नव्हता. सेकंदाला १८ फ्रेमनं चालवलेला एक तासाचा सिनेमा २४ नं चालवला की पाऊण तासात संपतो, एक फ्रेमही न कापता. बोलपटांतही गंमत आहे: २४ फ्रेमचे सिनेमे ब्रिटिश पॅल (तिथली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर २५ नं पळवतात, त्यामुळे शंभर मिनिटांचे शहाण्णव होतात आणि लोक “कापला, कापला” म्हणून ओरडतात. डिस्क कुठल्या प्रतीवरून केली हे बॉक्सच्या मागे बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ते वाचा. ‘रिस्टोअर्ड’ या शब्दाला काडीची किंमत नाही, तो कोणीही छापतो.

‘गोजिरा’ची (म्हणजे आपल्या गॉडझिलाची) कथा याहून वाईट, कारण तिथं कापण्यावर भागलं नाही. १९५४ चा जपानी सिनेमा ९६ मिनिटांचा. अमेरिकेत १९५६ मध्ये आला तो ८० मिनिटांचा, आणि त्यात रेमंड बर नावाचा नट नव्यानं चित्रीत करून मध्ये बसवलेला. तो बाजूला उभा राहून सगळं समजावून सांगत असतो, लग्नाच्या व्हिडिओतल्या आगंतुक काकांसारखा. मूळ सिनेमात लोकलमध्ये एक बाई म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. ते वाक्य अमेरिकन आवृत्तीत नाही. ते नसेल तर उरतो रबरी पोशाखातला राक्षस. मूळ सिनेमा अमेरिकेत डीव्हीडीवर यायला २००६ उजाडलं. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीच्या २०१२ च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत. जपानी आधी बघा. २०१९ ला त्यांनी पंधरा सिनेमांचा जाडजूड संच काढला, पण तो वेड लागल्याशिवाय घेऊ नये. मला लागलंय.

‘किंग काँग’बद्दल (१९३३) थोडक्यात: १९३८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना सेन्सॉरनं कापलेली दृश्यं नंतर परत जोडली गेली, त्यामुळे वॉर्नरची २००५ ची डीव्हीडी किंवा २०१० ची ब्लू-रे, काहीही चालेल. दरीतल्या महाकाय कोळी-किड्यांचा प्रसंग मात्र कुठेच सापडणार नाही, तो प्रदर्शनाआधीच काढला होता.

आता तारा. माझं मत: पुसल्या ते बरंच केलं. एरवी मी जुन्या सिनेमाच्या अंगाला हात लावणाऱ्यांवर चिडतो. चित्रातले ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, धुवून काढले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात, आणि असल्या डिस्का मी परत करतो. पण इथं प्रकरण वेगळं आहे. १९५३ च्या टेक्निकलर प्रती रंग एकावर एक छापून तयार व्हायच्या. त्या थोड्या मऊ आणि गडद असत आणि तारा त्यात बुडून जात. पुढे साध्या ईस्टमन फिल्मवर प्रती निघाल्या, मग व्हिडिओसाठी चित्र उजळलं, आणि तारा वर आल्या. माझ्या जुन्या डीव्हीडीत पहिलं यान खड्ड्यातून वर येतं तेव्हा वर चक्क वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात. त्या काळच्या प्रेक्षकानं ते पाहिलंच नव्हतं. क्रायटेरियनच्या २०२० च्या डिस्कवर ते यान पुन्हा तरंगतं. तीच घ्या.

पोरासाठी? ‘लॉस्ट वर्ल्ड’नं सुरुवात करू नका, मूकपटाला आठव्या वर्षी दम लागतो. कारेल झेमान यांचा १९५५ चा चेक सिनेमा घ्या, ‘जर्नी टू द बिगिनिंग ऑफ टाइम’. चार मुलं होडीतून नदीनं वर वर जातात आणि नदीच भूतकाळात शिरते: आधी मॅमथ, मग डायनोसॉर, शेवटी त्रिलोबाइट हे प्राचीन समुद्री जीव. झ्देनेक बुरियान या चित्रकाराच्या चित्रांवरून प्राणी घेतलेत. याचीही अमेरिकन आवृत्ती आहेच (१९६६), सुरुवात बदलून न्यूयॉर्कची मुलं घातलेली. क्रायटेरियननं २०२० मध्ये झेमानचे तीन सिनेमे एका संचात काढले, त्यात मूळ चेक आहे. सबटायटल तुम्ही वाचून मराठीत सांगायचं, दुसऱ्या वेळेपासून तो स्वतःच सांगायला लागेल.

आणि ‘व्हेन डायनोसॉर्स रूल्ड द अर्थ’ (१९७०) दिसला म्हणून उचलू नका. २००८ मध्ये त्याची अमेरिकन डीव्हीडी ‘सर्वांसाठी’ असं छापून विक्रीला आली आणि आत निघाली न कापलेली, उघड्या अंगाच्या दृश्यांसकट आवृत्ती. कंपनीला माल परत मागवावा लागला. आयांच्या हाती पडली असेल तेव्हा काय झालं असेल कोण जाणे.

शेवटचं, कंटाळवाणं पण पैसे वाचवणारं. रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड. डीव्हीडीत भारत रिजन ५, अमेरिका १, ब्रिटन २. ब्लू-रेत आपण सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. फोर-के डिस्कला रिजन नसतं, पण तिच्या जोडीला दिलेल्या ब्लू-रेला असू शकतं. एका ऑनलाइन विक्रेत्यानं ‘ऑल रिजन’ लिहिलं होतं म्हणून मी ब्रिटिश डिस्क मागवली. प्लेअरनं ती तीनदा थुंकली. तेव्हा क्रायटेरियन मागवायच्या आधी प्लेअर मल्टी-रिजन आहे का ते पाहा. तुमच्या प्लेअरच्या मागच्या स्टिकरचा फोटो इथं टाकलात तर मी बघून सांगतो.