आजोबांच्या ट्रंकेतली आखूड जपानी तलवार खरंच ‘कोतेत्सु’ची असेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, १९४५ साली त्यांनी ही तलवार आणली, मूठ उतरवल्यावर आत कोरलेली अक्षरं दिसली आणि ओळखीच्या एका जपानी गृहस्थांनी ती ‘कोतेत्सु’ अशी वाचली. किंमत किती येईल?

किमतीचं नंतर बघू. आधी सांगा, मुठीच्या आतला गंज घासला नाहीत ना? पात्याच्या त्या भागाला ‘नाकागो’ म्हणतात आणि पारखी लोक तलवारीचं वय बरंचसं त्या गंजाच्या रंगावरून ताडतात. पॉलिश पेपर मारलात की दाखलाच गेला.

आता नावाचं. नागासोने कोतेत्सु १७व्या शतकातला. मूळचा चिलखतं घडवणारा, पन्नाशीच्या आसपास एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, येऊन तलवारींकडे वळला. सुरुवातीला तो नाव कोरायचा त्या अक्षरांचा अर्थच ‘जुनं लोखंड’. पुढे उच्चार तोच ठेवून त्याने अक्षरं बदलली आणि नावात वाघ आला. १६६४ च्या सुमारास त्या वाघाचं वळणही बदललं. नक्कल करणारे नेमके इथे फसतात.

आणि नकला इतक्या, की जपानात म्हणच पडलीय: कोतेत्सु दिसली की खोटी समजा! शिन्सेनगुमी या क्योतोतल्या सामुराई पथकाचा सरदार कोंदो इसामी १८६४ साली इकेदाया नावाच्या सराईत झालेल्या चकमकीनंतर पत्रात लिहितो, माझी तलवार शाबूत राहिली, कोतेत्सु असल्यामुळेच असेल. तीही खोटीच होती असं बरेच जण मानतात. तरी तुटली नाही, हे मला जास्त आवडतं. चांगल्या पात्यावर खोटं नाव कोरायची तिथे जुनीच खोड. म्हणजे नाव खोटं निघालं तरी तुमचं पातं टाकाऊ ठरत नाही.

म्हणून मी अक्षरं शेवटी बघतो, आधी पात्याला दिलेलं पाणी. पाठीला मातीचा जाड लेप, धारेला पातळ, मग तापवून पाण्यात बुडवायचं. धार कडक होते, पाठ चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर धुकट पांढरी रेघ उमटते. कोतेत्सुची नावाजलेली रेघ जपमाळेचे मणी ओवल्यासारखी दिसते.

लांबीही मोजा. टोकापासून मुठीजवळ पाठीवर असलेल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. साधारण ३० ते ६० सेंमी भरली तर वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, त्याहून कमी असेल तर तांतो, म्हणजे खंजीर. आणि परदेशी विकायचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खासगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाही.

पात्याला बोटं लावू नका, घामानेही गंज धरतो. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा ठेवून तिरप्या उजेडात धारेचे दोन-तीन फोटो काढा आणि इथे टाका. नाकागोच्या दोन्ही बाजूंचेही हवेत.