बँकेच्या नोकरीत पहिल्यांदाच सलग दोन दिवस सुट्टी मिळालीय ना? मग ती कशी घालवायची ते ऐक.

बँकांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी 2015 पासून आहे, पण मार्च एंड, ऑडिट आणि पाहुण्यांची लग्नं यांतून तो आपल्या हाती लागतो कुठे! म्हणून सांगतो, शुक्रवारी निघतानाच कुठलं काम कोणाकडे दिलंयस ते साहेबांच्या कानावर घाल. नाहीतर शनिवारी दात घासतानाच फोन वाजणार.

बेळगावच्या आसपासचं आंबोली, गोकाक, हलशी सगळं दोन दिवसांत कोंबू नकोस. गोकाकचा धबधबा 52 मीटरचा खरा, पण घटप्रभा नदीला पाणी नसेल तर नुसता कातळ बघून येशील.

शनिवारी झोप काढ, अगदी निर्लज्जपणे. आईनं हाक मारली तर 'हो' म्हण आणि कूस बदल. ऊन उतरल्यावर बेळगावच्या किल्ल्यात जा, कमल बस्ती या जैन मंदिरात. बांधकाम 1204 सालचं. छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ आहे, त्याच्याखाली मान दुखेस्तोवर उभा राहा. बहुतेक जण फोटो काढतात नि दोन मिनिटांत बाहेर पडतात (सेल्फीसाठी एवढं पेट्रोल कशाला जाळायचं, देव जाणे).

येताना कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) घे, पण पाव किलोच. दूध आटून खरपूस तपकिरी झालेला बघून घे, पांढरट दिसला तर दुसरं दुकान गाठ.

रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड, तोही सकाळीच. दुपारी जेवून घरी आडवा हो. ऑफिसचा ग्रुप म्यूट कर, सोडू मात्र नकोस. सोमवारी त्यावरूनच चौकशी होते.