गणपतीला गावी जायचे आहे आणि लंगोट वाळत नाहीत

श्रावणातल्या एका सकाळी ठाण्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक तरुण आई चार महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून दमट कपड्यांचा जो आंबूस वास येत होता, त्याची लाज तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाटत असावी, कारण बसायच्या आधीच तिने ती पिशवी दाराबाहेर ठेवली. नंतर एका दमात तिने जे सांगितले, ते थोडक्यात असे : बाळासाठी तिने हौसेने कापडी डायपर (बाहेर जलरोधक कव्हर आणि आत काढता येणारे शोषक पॅड) घेतले होते, ते गळतात, त्यांना वास येतो, आता बाळाला जांघेत पुरळही उठली आहे, तीन आठवड्यांनी गौरी-गणपतीसाठी रत्नागिरीजवळच्या सासरच्या गावी जायचे आहे, सासूबाई म्हणतात साधे लंगोट बांध, नवरा म्हणतो विकतचे एकदाच वापरायचे डायपर आण आणि मोकळी हो. शेवटी तिने विचारले, "मॅडम, आता सोडून दिले तर मी आळशी आई ठरेन का?"

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, म्हणून हा अनुभव तिची परवानगी घेऊन लिहीत आहे. कुटुंबाची ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. तिच्याकडे फक्त दहा डायपर आहेत हे कळताच मी आणखी घ्यायला सांगितले. ती गप्प झाली. एकेक डायपर तिने चार-पाचशे रुपयांना घेतला होता आणि त्या खर्चावरून घरात आधीच बोलणी झाली होती, हे मी विचारायला हवे होते. मग मी सल्ला देणे थांबवले आणि तिला एक साधा कागद आखून दिला. दोन दिवस त्यावर चार गोष्टी लिहायच्या होत्या : डायपर कधी बदलला, गळला का, वाळायला किती वेळ लागला आणि तो कुणी धुतला. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही घेऊन ये, असेही सुचवले.

पुरळ मात्र मी तेव्हाच पाहिली. ती जांघेच्या घडीत नसून कापड जिथे त्वचेला चिकटते तिथे, मांड्यांच्या आणि कुल्ल्यांच्या फुगीर भागावर होती. ओलेपणा आणि घर्षण यांनी होणारी पुरळ बहुधा अशीच दिसते. घडीच्या आत लालभडक पट्टा आणि त्याभोवती सुटे लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. या बाळाला दर दोन तासांनी बदलणे, नुसत्या कोमट पाण्याने धुऊन टिपून घेणे आणि दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास रबरी कापडावर दुपटे अंथरून उघडे ठेवणे एवढे पुरेसे होते. चार दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जायचे ठरले. जस्ताचे मलम लावले, तर त्याचा थर कापडात बसतो आणि ते कापड पाणी शोषेनासे होते. म्हणून मलम लावल्यावर मध्ये जुन्या मऊ सुती कापडाचा एक तुकडा घालावा, एवढी सूचना मी जोडून दिली.

दोन दिवसांनी आलेला कागद चुरगळलेला होता आणि त्यावर एका कोपऱ्यात दुधाचा डाग होता. आकडे स्पष्ट होते. बाळाला दिवसाला सरासरी नऊ डायपर लागत होते. ती एक दिवसाआड धूत होती आणि पावसाळी हवेत आतली चार पदरी शोषक पॅड पूर्ण वाळायला दोन दिवस घेत होती. म्हणजे दोन दिवसांत साचलेले अठरा आणि दोरीवर टांगलेले अठरा, असे छत्तीस डायपर असते तरच तिचे चक्र सुरळीत फिरले असते. दहांवर ते फिरणे शक्यच नव्हते. शेवटी काय होत असे, तर वरून कोरडे भासणारे पण आतून दमट असलेले पॅड पुन्हा डायपरमध्ये जाई. आधीच ओलावा धरलेले कापड आणखी काय शोषणार? गळती, वास आणि पुरळ या तिच्या तिन्ही तक्रारी या एकाच ठिकाणाहून निघत होत्या.

"कुणी धुतला" या चौथ्या रकान्यात दोन्ही दिवस एकच अक्षर खाली खाली उतरत गेले होते. नवऱ्याने तो कागद हातात घेऊन वाचला, एकदा उलटून पाठची बाजूही पाहिली आणि टेबलावर ठेवला. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारले की मशीन रात्री दहानंतर लावले तर चालेल का, कारण तो तेव्हाच कामावरून घरी पोहोचतो. चालेल, असे मी म्हटले. समुपदेशनात असे क्षण आपण घडवू शकत नाही. फार तर रकाना आखून देऊ शकतो.

त्याचा एक मुद्दा मला खोडून काढायचा नव्हता. कापड धुवायला पाणी, वीज आणि साबण लागतो, मग पर्यावरणाचा फायदा तो कोणता, असे तो म्हणत होता. ते अगदीच चूक नाही. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ सालच्या अभ्यासातही असेच दिसले होते की कार्बन उत्सर्जनाचा विचार केला, तर कापडी डायपर फायद्याचा ठरतो की नाही हे तो धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. फार गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवला, तर फायदा उरत नाही. मशीन पूर्ण भरून लावले, दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरले, तर तो स्पष्ट दिसतो. आपल्याकडे दोरी ही घराघरातली गोष्ट आहे. पण या कारणासाठी एखाद्या बाळंतिणीने स्वतःला अपराधी समजावे, हे मला मान्य नाही, आणि तसे मी दोघांना सांगितले.

त्यानंतर आम्ही धुण्याकडे वळलो. ती कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव दर धुण्यात टाकत होती. हे द्रव धाग्यांवर स्निग्ध थर चढवते आणि कापडाची शोषण्याची ताकद घालवते, म्हणून ते तात्काळ बंद करायला सांगितले. वास येतो म्हणून तिने साबणाची पूडही अगदी चमचाभरावर आणली होती. उलट, आधी नुसत्या थंड पाण्यातून एकदा काढून, मग नेहमीच्या प्रमाणात पूड घालून साधारण ४० ते ६० अंशांच्या पाण्यात धुणे आणि शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळणे हा क्रम ठेवला, तर वास राहत नाही. फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. वरचे अन्न सुरू झाले की मात्र ती आधी संडासात टाकूनच डायपर धुण्यात घालावा लागतो. बाहेरच्या जलरोधक कव्हराला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ते उकळू नये आणि त्यावर इस्त्री फिरवू नये. उकळायची हौस असेल, तर ती सुती कापडावर भागवावी.

गळतीचे आणखी एक कारण मला बाळाला डायपर घालताना दिसले. ती कव्हराचे इलॅस्टिक मांडीवर आणून टिचबटणे लावत होती. ते जांघेच्या घडीत, चड्डीची कड जिथे बसते तिथे, बसायला हवे. तिथे बोटाने आत सारून घेतले आणि पोटावर दोन बोटे सहज जातील एवढी जागा ठेवली, की फट राहत नाही. शिवाय मुलगा असल्याने शोषक कापडाची जास्त जाडी पुढच्या बाजूला हवी. तिने ती मधोमध ठेवली होती.

आता राहिला तो गणपतीचा प्रश्न, आणि खरे तर त्याचे उत्तर सासूबाईंच्या पेटीत होते. तिसऱ्या भेटीला त्या स्वतः आल्या. नव्या डायपरांविषयी त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की ते "गादीसारखे जाड" असतात आणि पावसात वाळत नाहीत. तो आक्षेप पूर्ण बरोबर होता. जुन्या मलमलीचा एकपदरी चौकोनी लंगोट रात्रभर पंख्याखाली वाळतो, कारण तो उलगडला की त्यात जाडी उरतच नाही. त्याचा दोष एवढाच की तो बांधलेल्या बाळाला मांडीवर घेणारा भिजतो. मग मी सुनेच्या डायपरचे पॅड काढून ठेवले, सासूबाईंनी आणलेला सुमारे ७० सेंटिमीटरचा चौकोन घडी घालून लांबट पट्टी केली, पुढच्या बाजूला आणखी एक दुमड दिली आणि ती कव्हरात बसवली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, उलगडली आणि माझ्यापेक्षा नीट घडी घातली.

या जोडीत प्रवासाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. शी झालेली नसेल, तर कव्हर ओल्या फडक्याने पुसून, थोडे वाऱ्यावर ठेवून पुन्हा वापरता येते. बदलायचे ते फक्त आतले कापड. त्यामुळे नवे काही विकत न घेता तिची दहा कव्हरे आणि जुन्या धोतरा-साड्यांतून कापलेले तीस चौकोन एवढ्यावर आठवड्याचा मुक्काम निभणार होता. नवी सुती कापडे पहिल्याच दिवशी नीट शोषत नाहीत, त्यांना चार-पाच धुणी लागतात; जुन्या धोतराला ती अडचण नसते.

रेल्वेच्या प्रवासासाठी मात्र मी एकदाच वापरायचे डायपर सुचवले आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटकेचा भाव दिसला. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, गाडी वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते आणि संडासापर्यंत बाळाला घेऊन जाणे ही एक मोहीमच असते. त्या सात-आठ तासांसाठी कापडाचा आग्रह धरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फक्त तो डायपर गाडीच्या संडासात टाकायचा नाही, कारण डब्यांखालच्या जैविक टाक्या अशाच वस्तूंनी तुंबतात.

यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि गावी तो टाकायचा कुठे?" त्यांच्या वाडीत घंटागाडी येत नाही. तिथे असे डायपर एक तर पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातात, नाही तर परसात पाल्यापाचोळ्याबरोबर जळतात, आणि जळताना प्लास्टिकचा धूर साऱ्या वाडीभर होतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर नीट गुंडाळून कचरा नेणाऱ्याच्या हाती द्यायचे असतात, पण जिथे नेणाराच नाही तिथे नियम काय करणार? म्हणून ठरले ते असे की प्रवासात आणि रात्री विकतचे, दिवसा कापडी, आणि वापरलेले सगळे डायपर कागदात गुंडाळून, घट्ट पिशवीत भरून परत ठाण्याला आणायचे. नवऱ्याने ती पिशवी आपण उचलू असे सांगितले.

घरात गणपती असताना, सोवळ्याचा स्वयंपाक चालू असताना, लंगोट वाळत कुठे घालायचे ही शंका सुनेने दबकत काढली. मी त्यावर मत देण्याआधीच सासूबाईंनी जागा सांगितली : पडवीत नाही, मागच्या दारी, न्हाणीघरात. तिथल्या चुलाण्याची ऊब दिवसभर असते आणि वरच्या दांडीवर त्यांच्या स्वतःच्या मुलांचे लंगोटही वाळले होते. मी दोन गोष्टी तेवढ्या जोडल्या. कव्हरे त्या उबेवर ठेवायची नाहीत, त्यांचा थर सुटतो. आणि बाळाला धुरात न्यायचे नाही, धुरीसाठीसुद्धा नाही. दुसरी गोष्ट त्यांना फारशी पटली नाही. त्या "बघू" म्हणाल्या. बाळाला सर्दी झाली तर छातीत काय होईल हे मी समजावून सांगितले आणि विषय तिथेच सोडला.

ओल्या कापडांसाठी त्यांनी चेनची जलरोधक पिशवी घेतली. आपल्या हवेत अशा पिशवीत लघवीची कापडे कोंडून ठेवली, तर एका दिवसात नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो आणि दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात. म्हणून काढल्याबरोबर पाण्यातून काढून पिळायचे आणि पिशवी फक्त वाटेपुरती वापरायची, हे मी दोनदा सांगितले.

अनंत चतुर्दशीनंतर तिचा फोन आला. गाडी तीन तास उशिरा पोहोचली, एका रात्री गादी भिजली आणि एक कव्हर चुलाण्याजवळ राहून आखडले. बाळाची पुरळ गेली होती. धुरीचे काय झाले ते मी विचारले. एकदा दिली, ती स्वयंपाकघरात असताना, असे ती म्हणाली. परतीच्या प्रवासात वापरलेल्या डायपरांची पिशवी आसनाखाली ठेवल्यामुळे समोरच्या काकांनी बरीच कुरकुर केली.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्याच क्रमांकावरून फोन आला, पण आवाज नवऱ्याचा होता. बाळ आता वरणभात खाऊ लागले होते आणि तीन कव्हरांचे इलॅस्टिक सैल पडले होते. ते ठाण्यात कुणी बदलून देते का, की घरीच शिवता येते, असे तो विचारत होता.