स्प्रिंगच्या एअर रायफलला पीप साइट बसवता येते का, आणि बसवताना काय पाहावे?

होय, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून पाहून नेम धरायची मागची साइट, बसवता येते. तुमची रायफल ४.५ मिमी बोअरची आणि बॅरल मोडून भरायची, म्हणजे ब्रेक-बॅरल प्रकारची आहे, आणि मुलीला शालेय स्पर्धेतील पीप साइट गटासाठी घरी १० मीटरवर सराव करता यावा, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणून साइट विकत घेण्यापूर्वीच तपासावी अशी एक गोष्ट आधी सांगतो, कारण माझे स्वतःचे दोन महिने ती न कळल्यामुळे वाया गेले.

अशा रायफलवर मुळात येणाऱ्या ओपन साइटचे दोन्ही भाग, पुढची काडी आणि मागची खाच, सहसा बॅरलच्याच बाजूला असतात. बॅरल बंद होताना दर वेळी केसभर वर किंवा खाली राहिली, तरी दोन्ही भाग तिच्याबरोबरच सरकतात आणि नेमात फरक पडत नाही. पीप साइट मात्र मागे सिलिंडरवर, म्हणजे स्प्रिंग-पिस्टनच्या नळीवर बसते आणि फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, बॅरलवरच राहते, त्यामुळे बिजागरीतला जो ढिलेपणा इतके दिवस झाकलेला होता तो थेट कागदावर दिसू लागतो. बॅरल ४० सेंमी लांब आणि दोन्ही साइटमधले अंतर ७० सेंमी धरले, तर बॅरलचे तोंड अर्धा मिलिमीटर वर राहिल्यास १० मीटरवर छर्रा सुमारे ५ मिमी वर लागतो. एअर रायफलच्या लक्ष्यावर नऊ गुणांच्या वर्तुळाचा व्यासच ५.५ मिमी असतो, हे लक्षात घेतले की या अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळते.

म्हणून आधी आहे त्याच ओपन साइटवर, टेकू घेऊन दहा छर्रे मारा आणि तो कागद जपून ठेवा. पीप साइट बसवल्यावर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, आडवा तेवढाच राहिला पण उभा लांबला, तर साइटला दोष देण्याआधी बॅरलची बिजागरी पाहावी. रायफल कॉक केलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून तयार ठेवलेली, नसताना बॅरल हाताने आजूबाजूला हलवून पाहिली की बोल्ट सैल आहे का ते समजते, आणि ब्रीच सील, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडाशी हवा अडवणारी गोल पट्टी, हे फार जाड किंवा झिजलेले असेल तर तेही बदलावे. माझ्या रायफलमध्ये बिजागरीचा वॉशर झिजला होता. वायराउख कंपनीच्या एचडब्ल्यू ५५ या ब्रेक-बॅरल मॅच रायफलला बॅरल बंद केल्यावर ती घट्ट धरून ठेवणारी वेगळी लॉकिंग कळ दिली होती, ती उगाच नव्हे.

सिलिंडरवरील खाचेच्या रेलची रुंदी मोजूनच साइट घ्यावी, कारण ११ मिमी हे नाव सर्रास वापरले जात असले तरी प्रत्यक्षात रेल कमी-अधिक रुंद निघतात. स्प्रिंगच्या रायफलचा झटका दुहेरी असतो. पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते आणि तो दाबलेल्या हवेवर थांबताना ती एकदम पुढे झटकते, म्हणून साइट हळूहळू नेमबाजाच्या दिशेने घसरते. रेलवरचे तेल पूर्ण पुसून घ्यावे, रेलमध्ये भोक असल्यास साइटची पिन त्यात बसवावी, आणि भोक नसेल तर साइटच्या मागे लागून एक स्टॉप ब्लॉक घट्ट करावा. साइटच्या कडेशी पेन्सिलची रेघ मारून ठेवली की घसरण लगेच ध्यानात येते.

उंचीचा प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येकाला येतो. पीप साइटचे भोक जुन्या खाचेपेक्षा बरेच उंच असते, त्यामुळे ती पूर्ण खाली आणूनही छर्रे वर लागतात. अशा वेळी फोरसाइट उंच करावी लागते आणि किती, ते हिशेबाने काढता येते. ग्रुप ४० मिमी वर लागत असेल आणि साइटमधले अंतर ७०० मिमी असेल, तर ४० गुणिले ७०० भागिले १०,०००, म्हणजे २.८ मिमी. अंदाजाने कानस चालवण्यापेक्षा हे आकडे कागदावर मांडलेले केव्हाही बरे. नजरेची रेषा वर गेल्यामुळे मुलीचा गाल कुंद्यावर नीट टेकत नसेल, तर तेथे फोमची पट्टी लावून उंची वाढवावी.

पुढे काडीऐवजी रिंग वापरावी. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिमी असतो, आणि डोळ्यापासून ८० सेंमीवर असलेल्या फोरसाइटमधून १० मीटरवरचा तो भाग सुमारे २.४ मिमी दिसतो. त्यामुळे ३.६ मिमीच्या आसपासची रिंग घेतल्यास काळ्याभोवती पांढरी कडा स्पष्ट राहते. नवशिक्यांना बारीक रिंगचा मोह होतो, पण तिच्यात कडा दिसेनाशी होते आणि डोळा थकतो.

जुनी खाच नजरेच्या आड येत असेल तर काढून टाका. झीरो करताना, म्हणजे नेम धरतो तिथेच छर्रा लागावा अशी साइट जुळवताना, ग्रुप जिकडे न्यायचा तिकडे मागची साइट फिरवायची, आणि पहिल्या पन्नास छऱ्यांनंतर साइटचे व स्टॉकचे सर्व स्क्रू पुन्हा आवळून मगच शेवटचे झीरो ठरवायचे.