विचारा तर खरं: जांभळी झाक आणि हिरवीगार शाई

प्रश्न: निवृत्तीनंतर पुन्हा हाताने पत्रं लिहायला लागले आहे. मुलाने लॅमी सफारी पेन आणून दिलं, बारीक ‘एफ’ निबचं. निळी शाई हवी, पण जांभळी झाक असलेली, गोकर्णाच्या फुलासारखी. आणि मधूनमधून लिहायला एखादी झगझगीत हिरवी. खजुरी बाजारात दुकानदार मोजक्याच बाटल्या पुढे ठेवतो, मोबाईलवर पाहिलं तर शेकडो. कोणत्या घेऊ? दोन्ही एकाच पेनात चालतील का?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, शाईच्या आधी कन्व्हर्टरची, म्हणजे पेनात बसणाऱ्या, बाटलीतली शाई ओढून घेणाऱ्या नळीची चौकशी करा. सफारीबरोबर शाई भरलेली कार्ट्रिज येते. बाटलीतली शाई भरायची तर कन्व्हर्टर लागतो, आणि तोही लॅमीचाच. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

निळ्याचं सोपं आहे. ‘रॉयल ब्लू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक शायांची ओढ मुळातच जांभळ्याकडे असते. कॅम्लिनची बाटली आणा आणि आठवडाभर लिहून पाहा. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेलं हे घराणं, आपल्या पिढीची बोटं त्यांच्याच शाईने रंगलेली. त्यावर मन भरलं नाही तर वॉटरमनची सेरेनिटी ब्लू. आणि गोकर्णच हवा असा हट्ट असेल, तर पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली असा-गाओ. पैसे जास्त पडतात, पण रंग तुम्ही म्हणता तोच. ५० मिलीच्या त्या बाटलीच्या तळाला एक खळगा असतो. शाई संपत आली की उरलेली तिथे गोळा होते आणि निब बुडवता येते. निळ्यात मला विचाराल तर हीच घ्या.

खरी पंचाईत हिरव्याची. बाटलीत जी शाई पोपटी, तजेलदार दिसते, ती बारीक निबमधून उतरली की फिकट पडते, आणि संध्याकाळी दिव्याखाली तर वाचणाऱ्याला डोळे ताणावे लागतात. इरोशिझुकुचीच चिकु-रिन, म्हणजे बांबूच्या बनाचा रंग, दिसायला देखणी आहे. पण तुमच्या ‘एफ’ निबला समासातल्या एखाद्या ओळीपुरतीच ठीक. पानभर मजकूर लिहायचा तर पेलिकन ४००१ मधली ब्रिलियंट ग्रीन बरी. ती जरा कोरडी वाहते, म्हणजे निबमधून बेताचीच उतरते, म्हणून साध्या वहीच्या कागदावर फारशी फुटत नाही.

मोबाईलवरच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. जांभळट निळा आणि नुसता निळा यांतला फरक तिथे हमखास बुडतो. दुकानात नमुना बघायला मिळाला तर टिश्यू पेपरच्या मधोमध एक थेंब टाका, शेजारी पाण्याचा एक थेंब सोडा आणि दोन मिनिटं थांबा. बहुतेक हिरव्या शाया पिवळ्या आणि निळ्या रंगद्रव्याच्या मिश्रणाच्या असतात, त्यामुळे कडेला दोन वेगळी वलयं उमटतात. पिवळं जास्त निघालं तर ती शाई बारीक निबला फिकी पडणार. जांभळट निळ्यातून पुष्कळदा गुलाबी कड बाहेर येते. नंतर तोच कागद दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या बल्बखाली, दोन्हीकडे बघा. जांभळी झाक उजेडाप्रमाणे कमीजास्त होते.

एकाच पेनात दोन्ही? आलटून पालटून चालतील, पण मध्ये पेन नीट धुतलं पाहिजे. गार पाणी कन्व्हर्टरने आतबाहेर करत राहायचं, ते स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको. फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या भागात, निळी राहिली तर हिरवी पहिली पानभर गढूळ येते. दोन कंपन्यांच्या शाया तर मुद्दाम कधीच मिसळू नका, साका बसून पेन तुंबू शकतं. सरळ हिरव्यासाठी दुसरं स्वस्त पेन ठेवा.

एक राहिलंच: या शाया पाण्याने धुतल्या जातात. पावसाळ्यात पाकिटावरचा पत्ता बॉलपेननेच घाला.

प्रश्न: हिरव्या शाईने सही केली तर चालते का? आमच्या ऑफिसात फक्त मोठे साहेबच करायचे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: तो रिवाज सरकारी फायलींवरचा. केंद्राच्या कार्यपद्धतीत सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनाच क्वचित प्रसंगी हिरवी किंवा लाल शाई वापरण्याची मुभा आहे. तुमच्या घरगुती पत्राशी त्याचा काही संबंध नाही, बिनधास्त करा. चेकवर मात्र फिकी हिरवी नको: तिथे आता कागदी चेकऐवजी त्याची प्रतिमा पुढे जाते, आणि प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशीच शाई बँकांना हवी असते. पुसता येणारी रॉयल ब्लूही चेकवर नको.